ग्रासकटर जाम होतो कशानं? आधी ऑइलकडं बघा

बांधावरचं गवत काढायला आता गावोगावी ग्रासकटर आलेत. त्यातल्या टू-स्ट्रोक मशीनला इंजिन ऑइलची वेगळी जागा नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण देतं. नुसतं पेट्रोल टाकून चालवलं की पिस्टन जाम झालाच समजा. मॉडेलप्रमाणे लिटरला २० ते ४० मिली ऑइल लागतं. पुस्तिकेत बघूनच माप घ्यावं.

काम झालं की एअर फिल्टर साफ करावा. पात्याला हात लावण्याआधी मशीन बंद करून प्लगची कॅप काढावी, मगच नट तपासावा.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. इथेनॉल असलेलं पेट्रोल ओल धरतं, पडून राहिलं की कार्बोरेटर चोंदतो. मग पुढच्या पावसाळ्यात दोरी ओढून हात दुखतात, पण मशीन काही चालू होत नाही.