आधी पाण्याचा ताळेबंद, मग पीक!
पर्यावरणपूरक डिझाईन म्हटलं की आपल्याला सोलर पॅनल आठवतं. आपल्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं डिझाईन मात्र वहीतलं आहे. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे चर खणले, झाडं लावली, शेतीसाठी बोअर बंद. पण मला सगळ्यात भारी वाटतो तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला ते मोजायचं, माणसांचं-जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरेल त्यावर पीक ठरवायचं. ऊस, केळी नाहीच!

पहिल्या दिवाळीला मी नेमकं उलटं केलं. गल्ल्यात किती आहे ते न बघता उधारीवर माल भरला आणि मार्चपर्यंत फेडत बसलो. आता भाडं, घरखर्च आधी बाजूला, मगच ऑर्डर. ती वही पुढच्या व्हिडिओत उघडून दाखवतो.