सायकलचा क्रँक सैल का होतो?

बालमित्रांनो, सायकल चालवताना पायाखाली ‘कट् कट्’ असा आवाज येतो का? येत असेल तर हा लेख जरूर वाचा. पालकांनीही वाचावा.

माझ्या मामांचे मुंबईत नाहूरला सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये नाहूर स्टेशन लागते. ते २००६ साली सुरू झाले. मामांकडे दूधवाल्यांच्या काळ्या, वजनदार सायकली येतात. तशाच मुलांच्या जाड टायरच्या गिअरवाल्या माउंटन बाइकही येतात. दोन्हींचे एक दुखणे सारखेच, ते म्हणजे सैल क्रँक. सुट्टीत मी मामांना विचारून जे शिकलो ते सांगतो.

क्रँक म्हणजे पायडलचा दांडा. त्याचे एक टोक पायडलला आणि दुसरे मधल्या एक्सलला जोडलेले असते. चढावर आपण उभे राहून पायडल मारतो, तेव्हा अंगाचा सगळा भार त्या जोडावर येतो.

कुदळीचा दांडा हलू लागला की आपण पाचर ठोकतो ना? क्रँकही पाचरीनेच बसतो. काळ्या सायकलीत ही पाचर वेगळी असते. तिला कॉटर पिन म्हणतात. पुष्कळ माउंटन बाइकमध्ये एक्सलचे टोकच चौकोनी आणि निमुळते असते, म्हणजे तीच पाचर. बोल्ट आवळला की क्रँक त्या टोकावर घट्ट चढतो.

आधी परीक्षा करा. दोन्ही हातांत एकेक क्रँक धरून आडवा हलवून पाहा. दोन्ही क्रँक एकदम हलले तर आतले बेअरिंग सैल आहे. एकच हलला तर तो क्रँक सैल आहे. नुसते पायडल हलले तर पायडल आवळावे. पण लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात.

दुरुस्ती अशी करतात :

१) माउंटन बाइक : क्रँक काढून चौकोनी भोक आणि एक्सलचे टोक कोरड्या फडक्याने पुसावे. क्रँक परत बसवून बोल्ट आवळावा. वीतभर लांबीच्या पान्ह्यावर सुमारे १८ ते २० किलोचा जोर लागतो. नुसत्या बोटांच्या जोराने भागत नाही.

२) काळी सायकल : क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा टेकवावा, म्हणजे घाव बेअरिंगवर जात नाही. मग हातोडीने कॉटर ठोकावी आणि नंतर नट आवळावा. नट आवळूनच कॉटर ओढायला गेलात तर आटे मरतात. दोन्ही बाजूंच्या कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घालाव्यात, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सैल क्रँकवर सायकल चालवू नका. क्रँक बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि एक्सल पोलादी. पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ. म्हणून प्रत्येक पायडलबरोबर चौकोनी भोक थोडे थोडे गोल होत जाते. एकदा ते बिघडले की कितीही आवळा, क्रँक पुन्हा सैल होतो. मग नवा क्रँक घ्यावा लागतो. वेळीच आवळला तर फक्त पान्हा लागतो. शिवाय भर चढावर क्रँक निघाला तर सायकलस्वार पडून इजा होते.

नवी सायकल घेतली किंवा दुरुस्त केली की एक-दोन दिवसांनी क्रँक पुन्हा तपासावा. पुढे महिन्यातून एकदा तपासावा. उगाच रोज रोज आवळू नये, क्रँक चिरतो.

राज्यात मानव विकास कार्यक्रमातून कित्येक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. उद्या आपल्या ताईला मिळेल. सायकल बंद पडली तर तिची शाळा बुडते. तेव्हा आवाज आला की खाली उतरा, सायकल हातात धरून न्या आणि आधी क्रँक आवळून घ्या.