आलेला फोनही विकत घ्यावा लागतो

लोणार तालुक्यातल्या बीबी या गावी माझी मावशी राहते. वय पंच्याहत्तरच्या पुढे, नजर अधू, पण कान अजून तल्लख. बटनांचा साधा मोबाईल तिने देवघराच्या कोनाड्यात ठेवलेला असतो. तिला फोन लावता येत नाही. आलेला घेता येतो, आणि तेवढेच तिला हवेही असते. दर रविवारी पुण्याहून मुलाचा फोन येतो. एका रविवारी तो लागेना. मुलाच्या जिवाची घालमेल. अखेर शेजाऱ्यांना धाडले, तर मावशी शेंगा फोडत बसलेली! घरात काही झाले नव्हते. फोनची मुदत मात्र गुरुवारीच संपली होती.

पुढे मी गेलो तेव्हा मावशीने विचारले, ‘‘बाबू, मी तं कोणाले फोनच लावत नाही. मंग पैसे कायचे घेतात?’’ शिकलासवरला असूनही मला चटकन उत्तर देता आले नाही.

मोबाईल आला तेव्हा प्रश्न सोपा होता. 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. त्या काळी मिनिटाला 8 रुपये 40 पैसे पडत, गर्दीच्या वेळी 16 रुपये 80 पैसे. वर, आलेल्या फोनचेही पैसे! म्हणजे दुसऱ्याने आपल्याला हाक मारली तरी भुर्दंड आपल्यालाच. फोन वाजला की लोक आधी नंबर पाहत आणि मग जवळच्या पिवळ्या एसटीडी बूथकडे धावत. 2003 च्या मे महिन्यापासून ‘जो फोन करील त्याने पैसे भरावे’ ही पद्धत रुळली, येणारे कॉल मोफत झाले आणि मोबाईल गवंड्याच्या, भाजीवाल्याच्या खिशात गेला.

मिनिटाचा हिशेबही गमतीचाच होता. एकसष्टाव्या सेकंदाला दुसरे मिनिट लागे. ‘ठेवतो, ठेवतो’ म्हणण्यातच रुपया जाई. 2009 साली एका नव्या कंपनीने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि बाकीच्यांना मागोमाग यावे लागले.

पडद्यामागे आणखी एक देवघेव चाले. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला, की पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे ठरावीक पैसे देई. 2017 मध्ये हा दर 14 पैशांवरून 6 पैशांवर आला आणि 1 जानेवारी 2021 पासून तो बंद झाला. त्याआधी 2019 मध्ये यावरून मोठी मौज झाली. आपली मंडळी ‘मिस्ड कॉल’ देण्यात पटाईत. मग कंपन्यांनीही घंटी वाजण्याची वेळ कमी केली. समोरच्याने उचलण्याआधी घंटी थांबावी, त्याने उलट फोन करावा आणि पैसे त्याच्या कंपनीने मोजावेत! अखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मोबाईलची घंटी 30 सेकंद वाजलीच पाहिजे असे ठरवून दिले.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली. बोलणे इंटरनेटच्या पॅकमध्येच मिसळून गेले आणि मिनिटे मोजणे संपत चालले. बोलण्याचे पैसे नाहीत, तर कमाई कशावर? उत्तर निघाले, दिवसांवर. 2018 च्या अखेरीस काही कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली : 28 दिवसांसाठी 35 रुपये. तो भरला नाही की आधी जाणारे फोन बंद आणि काही दिवसांनी येणारेही. 2003 साली पुढच्या दाराने गेलेला आकार मागच्या दाराने परत आला, तो असा. कंपन्यांची बाजूही खोटी नाही. टॉवरला वीज, डिझेल, देखभाल लागते. मावशी बोलो न बोलो, तो उभा ठेवावाच लागतो. पण 28 दिवसांचा महिना कोणत्या पंचांगात बसतो? अशा हिशेबाने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. जानेवारी 2022 मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला 30 दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा असा एकेक तरी पॅक ठेवायला लावले. दुकानदार तो आपणहून दाखवील, अशा भ्रमात मात्र राहू नये.

बरे, 10 रुपयांचा टॉपअप मारून भागेल म्हणावे, तर कर आणि प्रक्रिया शुल्क वजा जाता हाती 7 रुपये 47 पैसे उरतात आणि त्याने पॅकची मुदत वाढत नाही.

मावशीच्या कामाची गोष्ट डिसेंबर 2024 मध्ये झाली. ज्यांना इंटरनेट नको, त्यांच्यासाठी फक्त बोलणे आणि एसएमएसचे वेगळे व्हाउचर द्यावे, त्याची मुदत 365 दिवसांपर्यंत ठेवता येईल, असा नियम ट्रायने केला. एरवी बटनांच्या फोनवर दिवसाला दीड जीबी घेऊन ती काय करणार होती? ही व्हाउचरे आल्यावर मी किमतीला दिवसांनी भागून पाहिले. लांब मुदतीचे दिवसाला स्वस्त पडत होते, पण रक्कम एकदम मोजावी लागणार. ‘‘एवढे पैसे एकाच डावात?’’ मावशी म्हणाली, ‘‘उद्या मी राहीन का नाही, कोणाले ठाव?’’

शेवटी 84 दिवसांवर तडजोड झाली. तिने भिंतीवरचे कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवले आणि कोणत्या तारखेवर खूण करायची ते विचारले. मी बोट टेकवून दिवस मोजू लागलो.