कोळीणबाईंच्या दारी

मुंबई बघायची म्हणजे राणीची बाग, गेटवे आणि चौपाटीवरची भेळ, असंच आपल्या डोक्यात असतं. वडिवळ्याच्या आमच्या बचत गटाची सहल ठरली तेव्हाही हीच यादी निघाली. मी म्हटलं, यंदा समुद्राच्या काठाकाठानं जाऊ. दर चैत्रात मुंबईचे कोळी पालख्या घेऊन कार्ल्याला एकवीरा आईकडे येतात, एकदा आपण त्यांच्या दारी जाऊ. बंदराशी मावळाचं नातं जुनंच आहे. कार्ल्याच्या लेण्यातल्या एका खांबावर सोपारा बंदरातून आलेल्या दात्याचं नाव कोरलेलं आहे.

रात्री धर्मशाळेत मुक्काम केला आणि पहाटे कुलाब्याचा ससून डॉक गाठला. अल्बर्ट ससून यांचा हा धक्का 1875 मध्ये कापसाच्या व्यापारासाठी बांधला गेला. आता तिथं कापूस नाही, मासळी आहे. होड्या लागल्या की टोपल्या वर येतात आणि लिलाव सुरू. आवाज बायकांचेच जास्त! भाव पाडून मागणाऱ्याला त्या एका वाक्यात गप्प करतात. बाजूलाच ओळीनं बसून बायका कोळंबी सोलत होत्या. बर्फाच्या पाण्यानं बोटं पांढरीफटक पडलेली, आणि मजुरी किती किलो सोललं त्यावर. आमच्यातली एक म्हणाली, "ताई, ही तर आपली भातलावणीच. वाकणं तेच." वासानं दोघींनी नाकाला पदर लावला होता, तो अर्ध्या तासात खाली आला.

गेटवेला फार रेंगाळलो नाही. 1924 मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि 28 फेब्रुवारी 1948 रोजी शेवटची ब्रिटिश फौज त्याच कमानीतून गेली, एवढं सांगितलं, फोटो काढले. गेटवे बांधणाऱ्या जॉर्ज विटेट यांनीच आखलेली बॅलार्ड इस्टेट मात्र सगळ्यांना आवडली. शेजारची गोदी खणताना निघालेल्या मातीदगडाच्या भरावावर ती उभी आहे.

पुढे मात्र समुद्र दिसतच नाही, नुसती गोदीची भिंत. या भिंतीआड 14 एप्रिल 1944 रोजी 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर स्फोट झाले. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात भरलेला! शेकडो माणसं गेली, आग विझवताना 66 अग्निशमन जवान गेले. म्हणून 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. आमच्यातल्या एका आजींचे वडील त्या काळी गोदीत हमाल होते. त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत.

भाऊच्या धक्क्यावर (हे भाऊ म्हणजे लक्ष्मण अजिंक्य) 2020 पासून मोटारींसकट मांडव्याला नेणारी बोट सुटते. त्याचं बायकांना मोठं नवल वाटलं.

दुपारी वरळी कोळीवाड्यात गेलो. एका बाजूला 2009 चा वांद्रे-वरळी सागरी सेतू, दुसऱ्या बाजूला 2024 मध्ये खुला झालेला किनारी रस्ता, मधे बसकी घरं आणि होड्या. रस्ता देखणा आहे, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या पुलाच्या खांबांत 60 मीटर अंतर ठेवणार होते. त्यातून होड्या समुद्रात काढायच्या कशा, म्हणून कोळ्यांनी 2021 मध्ये समुद्रातलं काम अडवलं. मागणी 200 मीटरची होती. शेवटी 2022 मध्ये एक खांब वगळून 120 मीटरवर तडजोड झाली. धरणाशेजारी राहणाऱ्या आम्हाला 'प्रकल्प' हा शब्द नवा नाही. पण आराखड्यातला खांब काढायला लावलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"मग आता पुरतं ना?" मी ओट्यावरच्या मावशींना विचारलं.

"कागदावर पुरतं. वारा फिरला की होडी कागद वाचत नाय," त्या म्हणाल्या. जाळ्यातला गुंता सोडवणं थांबलं नव्हतं.

लोणावळ्याची गाडी गाठायची होती. निघताना मावशींकडून सुका जवळा घेतला. पैसे त्यांनी मोजून पुरते घेतले आणि वर एक मूठ जवळा जास्तीचा टाकला.