माती मोजायची ती पावसाळ्यात

एक हेक्टर रानावरून एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, की साधारण बारा-तेरा टन माती गेली असा हिशेब होतो. पण पुढच्या कुळवणीनंतर रान पुन्हा सपाट दिसते आणि काही गेले असे कुणाला वाटतही नाही. डोळ्यांना दिसते ती ओघळ, किंवा नाल्याकाठचा फुटलेला बांध. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला, सोलापूर जिल्ह्यात नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या, पंचनामे झाले, मदत जाहीर झाली. पंचनामा ही धूप मोजण्याची सगळ्यात जुनी आणि शेतकऱ्याच्या परिचयाची रीत म्हणायला हरकत नाही. मात्र तिच्यात एकदम गेलेली मातीच नोंदली जाते. दरवर्षी पातळ थराने निघून जाणारी माती, म्हणजे सालकाढी धूप, कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. ती पकडायची तर पाणी अडवून त्यातली माती वजन करावी लागते.

हे काम सोलापूरने फार लवकर पाहिले. अमेरिकेत मिसुरी राज्यात 1917 मध्ये असे मोजणीचे वाफे आखले गेले होते. आपल्याकडे पुण्याजवळच्या मांजरीत 1923 पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले आणि 1933 मध्ये सोलापूरला कोरडवाहू संशोधन केंद्र उभे राहिले. तिथे त्याच दशकात अपधाव, म्हणजे रानावरून वाहून जाणारे पाणी, आणि धूप यांची मोजणी होऊ लागली. पद्धत साधी, पण चिकाटीची असते. ठरावीक मापाचा तुकडा चारी बाजूंनी बंद करायचा, उताराच्या टोकाला हौद ठेवायचा, पाऊस पडला की हौदातले पाणी मोजायचे, ढवळून नमुना घ्यायचा, वाळवायचा आणि तोलायचा. दर पावसाला हेच, वर्षानुवर्षे. मोठ्या प्रसिद्धीचे हे काम नव्हे.

अशाच दहा हजारांहून अधिक वाफा-वर्षांच्या नोंदींवरून विशमायर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी 1965 मध्ये धुपीचे सार्वत्रिक सूत्र मांडले. पावसाचा मारा, मातीचा स्वभाव, उताराची लांबी व तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि संधारणाची कामे या सगळ्यांचे अंक गुणले, की हेक्टरी किती टन माती जाईल याचा अंदाज मिळतो. देहरादूनच्या संशोधकांनी 1983 मध्ये भारताची सरासरी हेक्टरी 16.35 टन काढली. पुढे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या सहभागाने दहा किलोमीटरच्या चौकटींवर राज्यवार धूपनकाशे झाले. 2000 मध्ये अंतराळयानातून रडारने जमिनीची उंची मोजली गेली आणि त्यानंतर संगणकावर एखाद्या तालुक्याचा नकाशा काढणे काही दिवसांचे काम झाले.

नकाशा इतका सोपा झाला, इथेच सोलापूरच्या बाबतीत सावध व्हायला हवे. इथली भारी काळी जमीन रब्बी ज्वारीसाठी राखलेली असते. जून ते सप्टेंबर ती कुळवून उघडी ठेवतात आणि पावसाचा जोर सर्वाधिक असतो तो सप्टेंबरात. म्हणजे माती जाते तेव्हा रानावर पीक नसते. त्या महिन्यांत आकाश ढगाळ, म्हणून साध्या उपग्रहचित्रात जमीन दिसत नाही. स्वच्छ चित्र मिळते ते पावसाळा सरल्यावर, ज्वारी हिरवीगार उभी असताना. त्या चित्रावरून आच्छादनाचा अंक काढला, तर उघडे रान नकाशात झाकलेले ठरते. सूत्रात सतत उघड्या, मशागत केलेल्या जमिनीसाठी हा अंक 1 धरतात; उभ्या पिकाखाली तो निम्म्यावर किंवा आणखी खाली येतो. बाकीचे सगळे अंक बरोबर असले, तरी उत्तर निम्मे होते. पावसाचेही तसेच. मूळ सूत्राला सरींची अर्ध्या तासातली तीव्रता हवी असते, आपल्याकडे पुष्कळदा वर्षाच्या बेरजेवरून काम भागवले जाते. ज्या जिल्ह्यात चार-दोन वळिवांत वर्षाची बरीच माती जाऊ शकते, तिथे ही बेरीज फारसे काही सांगत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. टनांचा आकडा चुकला तरी बिघडत नाही, कुठल्या पाणलोटात आधी काम करायचे एवढे कळले की पुरे, असे नियोजनकार म्हणतात. चूक सगळीकडे सारखी असती, तर हे मान्य करता आले असते. ती तशी नाही. सपाट भारी जमिनीची धूप कमी दाखवली गेली की क्रमवारीच उलटते, निधी उताराच्या माळाकडे जातो आणि धान्य पिकवणारी माती यादीत तळाला राहते. मोजणीचे वाफे लहान असतात, त्यांच्यावरून अख्खा तालुका कळत नाही, हा दुसरा आक्षेपही खराच आहे. पण म्हणून वाफे मोडायचे नसतात. वाफ्याने नकाशा तपासायचा असतो, त्याची जागा घ्यायची नसते. ढगांपलीकडून पाहणारी रडारचित्रे 2014 पासून विनामूल्य मिळतात, महावेध या हवामान केंद्रांच्या जाळ्यामुळे पावसाची स्वयंचलित नोंद महसूल मंडळापर्यंत पोचली आहे. उरते ते हौदातली माती तोलण्याचे काम. जिल्ह्यासाठी धूपनकाशा मंजूर करताना प्रशासनाने दोनच प्रश्न विचारावेत: आच्छादन कुठल्या महिन्याचे धरले, आणि आकडा जमिनीवर कुठे पडताळला? उत्तर नसेल, तर त्या नकाशावरून बांधबंदिस्तीचा पैसा वाटू नये.