तेरा आठवड्यांची मुदत

चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनातून वारा एकदा सुटला की तो कौलांना, केळींना आणि उंच बांबूवर वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून बांधलेल्या अँटेनाला सारख्याच बेमुर्वतपणे हलवी. मग घरातले एक पोर छपरावर, दुसरे खिडकीत आणि तिसरे संचासमोर अशी साखळी लागून 'आलं का?', 'आलं, आलं... गेलं!' असा जाबजबाब सुरू होई, आणि पडद्यावरच्या मुंग्या पांगेपर्यंत विनोदी मालिकेचा निम्मा भाग उलटलेला असे. तरीही उरलेल्या निम्म्या भागात ओटीवर जमलेली माणसे पोट धरून हसत. कारण काय घडून गेले हे ठाऊक नसले, तरी ते कोणाच्या बाबतीत घडले असणार आणि तो गृहस्थ आता कसा भांबावेल, हे सगळ्यांना आधीच माहीत असे. अशी ओळख जमत आली असता एखाद्या आठवड्यात त्याच वेळेला निराळेच शीर्षकगीत वाजू लागे. का, हे सांगायला कोणी येत नसे. शेजारच्या घराला कुलूप दिसावे आणि बिऱ्हाड कुठे हलले हे घरमालकालाही सांगता येऊ नये, तसे काहीसे वाटे.

'सिटकॉम' या इंग्रजी नावात प्रसंगाला अग्रमान असला, तरी आपल्याकडे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असा विनोदाचा जो भेद करतात तो ध्यानात घेतला, तर या मालिकांचे खरे भांडवल स्वभावनिष्ठ विनोद हेच आहे, असे माझे मत आहे. मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे चिमणराव-गुंड्याभाऊ होऊन आले, तेव्हा त्यांना स्वतःची ओळख करून द्यावी लागली नाही, चिं. वि. जोशांनी ती कित्येक वर्षे आधीच करून ठेवली होती. नव्या मालिकेला असा वारसा नसतो. आमच्या भागात दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरण्यात त्यांचे दिवसच्या दिवस जातात, आणि मग मात्र एकेका ठोक्याला छाप उमटत जाते. विनोदी मालिकेचे आरंभीचे भाग म्हणजे हे कोरणे होय, आणि आपल्याकडे हिशेब तपासायला माणूस येतो तो नेमका याच सुमारास.

दूरदर्शनच्या जमान्यात प्रायोजित मालिकांना तेरा-तेरा भागांची मंजुरी देण्याचा प्रघात होता; बावन्न आठवड्यांच्या वर्षाचा चौथा हिस्सा म्हणजे तेरा, एवढेच त्या आकड्याचे शास्त्र. पुढची मुदतवाढ मिळेल की नाही, यावर पात्रांचे आयुष्य अवलंबून. जसपाल भट्टींच्या १९८९ च्या 'फ्लॉप शो'चे भाग अवघे दहा, पण सरकारी कचेऱ्या आणि कंत्राटदार यांची त्यांनी उडवलेली खिल्ली लोकांच्या स्मरणात अजून टिकून आहे. १९८८ साली आलेल्या 'वागले की दुनिया'चा पहिला संसारही असाच अल्पायुषी ठरला. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतील, कुंदन शहा यांनी दिग्दर्शित केलेला हा वागले आडनावापासूनच आपला. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनी त्या दांपत्याला असा काही चेहरा दिला की, बोईसरच्या कारखान्यातून सायकलवरून परतणारा हरएक कारकून मला काही काळ वागलेच दिसत असे.

खासगी वाहिन्या आल्या आणि मंजुरीच्या फायलीची जागा टीआरपीने घेतली. निवडक घरांतील संचांना यंत्रे जोडायची, तेथे काय पाहिले जाते ते टिपायचे आणि त्यावरून साऱ्या देशाची अभिरुची ठरवायची, अशी ही खानेसुमारी. तिचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे 'साराभाई वर्सेस साराभाई'. १ नोव्हेंबर २००४ रोजी स्टार वन वाहिनीबरोबरच जन्मलेली ही मालिका आतिश कपाडिया यांनी लिहिली आणि देवेन भोजानी यांनी दिग्दर्शित केली. सुनेच्या प्रत्येक काटकसरीत 'मिडल क्लास'चा वास घेणारी रत्ना पाठक शहांची माया, तिला चिडवण्यातच जन्माचे सार्थक मानणारे सतीश शहांचे इंद्रवदन, दोघींच्या कचाट्यात सापडलेला सुमीत राघवनचा साहिल आणि आपल्या भीषण कवितांनी घरादाराला जेरीस आणणारा रोसेश, या मंडळींना पुरते ओळखायला प्रेक्षकाला सवड हवी होती. आकडे तोकडे पडले आणि २००६ साली, सुमारे ७० भागांनंतर, बिऱ्हाड उठले. पुनःप्रक्षेपणांतून आणि पुढे मोबाइलवरून ते घराघरांत पोचले, तेव्हा मोजदाद करणारे केव्हाच दप्तर बांधून गेले होते. या मोजदादीत ग्रामीण भाग जमेस धरला जाऊ लागला तो तर २०१५ च्या ऑक्टोबरपासून. तोवर खेड्यापाड्यांतल्या ओट्यांवरचे हसू कोणत्याच खतावणीत चढत नव्हते.

परदेशातही शहाणपण याहून वेगळे नाही. अमेरिकेतील एबीसी वाहिनीने १९८२ साली 'पोलीस स्क्वॉड' ही सहा भागांची मालिका चौथ्या भागानंतरच मागे घेतली, आणि कारण असे दिले गेले की तिची गंमत कळायला ती लक्ष देऊन पाहावी लागते!

मराठीत अशी चुटपुट लावून गेली ती 'दिल दोस्ती दुनियादारी'. ९ मार्च २०१५ रोजी झी मराठीवर सुरू झालेल्या या मालिकेत रक्ताचे नाते नसलेले सहा तरुण एका घरात राहत होते, सासू-सुनेचा पत्ता नव्हता, आणि कैवल्य, सुजय, मीनल, रेश्मा, ॲना व आशू ही नावे महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर नातेवाइकांसारखी घेतली जात होती. ऐन बहरात, फेब्रुवारी २०१६ मध्ये, तिचा निरोप झाला आणि २२ तारखेपासून रात्री साडेदहाच्या त्या वेळेवर 'रात्रीस खेळ चाले'मधील कोकणातला वाडा आला. तो वाडाही गाजला, हे कबूल केले पाहिजे. पुढल्या वर्षी तेच सहा नट 'दिल दोस्ती दोबारा'त नव्या नावांनी आले. चेहरे तेच, पण माणसे परकी. सहा महिन्यांत, ऑगस्ट २०१७ मध्ये, तोही संसार आटोपला, आणि या खेपेस माझ्या परिचयात तरी कोणी फारशी हळहळ केली नाही.

थांबणे हेच मुळी वाईट, असे मात्र मला म्हणायचे नाही. इंग्लंडच्या 'फॉल्टी टॉवर्स'चे दोन हंगामांत मिळून भाग बाराच, पण ते थांबवले लिहिणाऱ्यांनी, स्वतःच्या मर्जीने. आणि उलट आपल्याकडे दहाव्या भागातच बरखास्त व्हाव्यात अशा विनोदी मालिका शेकड्यांनी भाग ओढत बसलेल्या मी सोसल्या आहेत.

वागल्यांचे नशीब मात्र थोर. २०२१ साली तेच अंजन श्रीवास्तव आणि त्याच भारती आचरेकर आजी-आजोबा होऊन परत आले, साराभाईंच्या घरातला सुमीत राघवन त्यांचा मुलगा झाला, आणि या दुसऱ्या संसाराने हजार भाग ओलांडले. आता वाणगावहून सकाळच्या डहाणू लोकलने निघावे तर समोरच्या बाकावरची एखादी मुलगी कानात बोंडे घालून मायाचे टोमणे ऐकत एकटीच हसत असते. ती मालिका बंद पडली तेव्हा तिचा जन्मही झालेला नसावा, आणि पालघर आले तरी तिला हसू आवरत नाही.