चेंडू हाती न घेणारा माणूस

आज एका परक्या खेळाबद्दल बोलूया. अमेरिकन फुटबॉल. नावात 'फूट' असलं तरी चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू गेला.

या अकरांत पाच जणांची एक फळी असते, ऑफेन्सिव्ह लाइन. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, टोकांना टॅकल. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्यांना अडवायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. धावफलकावर यांचं नाव क्वचितच येतं. पंच यांचा नंबर पुकारतात तो बहुधा चूक झाली म्हणून! पाचांतल्या एकाचं पाऊल चुकलं तरी बाकी चौघांची मेहनत पाण्यात जाते. पलटणीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अशाच एका गार्डची ही गोष्ट. माइक मन्चॅक, जन्म 1960, गाव पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन. 1982 च्या निवडीत ह्यूस्टन ऑइलर्सनी त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं. तो 12 हंगाम त्याच एका संघाकडून खेळला आणि नऊ वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंत, निवडला गेला. 2001 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.

खेळणं थांबवल्यावर 1994 मध्ये तो त्याच संघात साधा साहाय्यक म्हणून रुजू झाला. 1997 मध्ये संघ टेनेसीला हलला आणि मन्चॅक लाइनचा प्रशिक्षक झाला. गंमत बघा, वर्षानुवर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावून खेळलेला ब्रूस मॅथ्यूज अजून मैदानात होता. कालचा जोडीदार आज हाताखाली! हे नातं सांभाळणं सोपं नसतं. पुढे याच संघाच्या ख्रिस जॉन्सनने 2009 च्या हंगामात 2,006 यार्ड धावून काढले. आकडा जॉन्सनच्या नावावर लागला, वाट मन्चॅकच्या फळीने करून दिली होती.

2011 मध्ये तो मुख्य प्रशिक्षक झाला. तीन हंगामांत 22 विजय, 26 पराभव. म्हणजे यश बेताचंच. उत्तम उस्ताद उत्तम सेनापती होतोच असं नाही, हे मान्य करायला हवं. पण खरी परीक्षा 2014 च्या जानेवारीत झाली. तेव्हाच्या बातम्यांनुसार, पद टिकवायचं तर आपल्या बऱ्याच साहाय्यकांना काढा, अशी अट मालकांकडून आली. लाइनचा प्रशिक्षक त्या वेळी मॅथ्यूजच होता. मन्चॅकने अट मानली नाही. पद गेलं.

आता कुणी म्हणेल, हट्ट केला. निकाल वाईट असतील तर माणसं बदलावीच लागतात, हेही खरं. पण निकालाची जबाबदारी वरच्याची असते. ती खालच्यांवर ढकलून स्वतःची खुर्ची वाचवणाऱ्याचा शब्द पुढे कोण झेलणार?

मन्चॅक एक पायरी उतरून पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये पुन्हा लाइनचा प्रशिक्षक झाला. तिथे त्याला भेटला अलेहान्द्रो व्हियानुएवा. अमेरिकी लष्करातला कॅप्टन, रेंजर, अफगाणिस्तानात तीनदा तैनात झालेला. फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला बचावफळीत आजमावून सोडून दिलं होतं. मन्चॅकच्या हाताखाली तो टॅकल म्हणून घडला, 2015 मध्ये पहिल्या अकरांत आला, 2017 आणि 2018 मध्ये प्रो बोलला पोहोचला. सव्वासहा फुटांहून उंच देह तर आधीपासून होताच. पाय कुठे ठेवायचा, हात कधी उचलायचा, शेजाऱ्याशी मेळ कसा राखायचा, हे शिकवणारा मात्र हवा होता.

सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे दिसतो. कधी पाहिलात तर एक करा. चेंडूवरची नजर थोडा वेळ काढा आणि त्या पाच जणांकडे बघा. खेळ तिथे ठरत असतो. आणि आपल्या कचेरीत, घरात अशी फळी कोण धरून आहे, तेही एकदा आठवून बघा.